टपालाने आलेली पिल्ले आणि खोक्यावरचा कोरा रकाना

एप्रिलमध्ये एक दिवसाची पिल्ले म्हणून टपालाने मागवलेल्या ऱ्होड आयलंड रेड आणि बार्ड रॉक या जातींच्या कोंबड्या ऑगस्टअखेरीस अंड्यांवर आल्या, तब्येतीनेही ठणठणीत आहेत; त्यामुळे ही सेवा अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या आमच्यासारख्या आडगावच्या लोकांसाठी उत्तम आहे, असे मी चार जणांना सांगत सुटलो होतो. सप्टेंबरात त्याच हॅचरीकडून, म्हणजे अंडी उबवून पिल्ले विकणाऱ्या केंद्राकडून, मागवलेला दुसरा खोका आला आणि त्यानंतर झालेल्या पत्रव्यवहाराने ते मत पुरते बदलले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या खोक्याबद्दल तक्रार नाही. टपाल कार्यालयातून सकाळी सहाच्या सुमारास फोन आला, तेथील बाईंनी खोका माझ्यासमोरच उघडला आणि एकूण एक पिल्लू जिवंत निघाले. पंधरा पिल्लांची किमान अट मला आधी विक्रीची क्लृप्ती वाटली होती. पण भोके पाडलेल्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पिल्ले एकमेकांना चिकटून बसलेली पाहिल्यावर, प्रवासात त्यांना ऊब मिळते ती एकमेकांच्या अंगाचीच, हे पटले. ऊब टिकावी म्हणून काही हॅचऱ्या न मागितलेली नर पिल्लेही त्यात भरतात, आणि ज्या गावांत कोंबडा पाळायला बंदी आहे तेथे त्या पिल्लांचे पुढे काय होते, याची चौकशी कोणीही करत नाही.

अमेरिकेच्या टपाल खात्यातून एक दिवसाची पिल्ले १९१८ पासून जात आहेत. हे शक्य होते, कारण अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर सुमारे तीन दिवस दाण्यापाण्यावाचून तग धरते. नियमही त्याच हिशेबाने बांधलेला आहे: उबवणीपासून २४ तासांच्या आत पिल्ले टपालात पडली पाहिजेत आणि ७२ तासांच्या आत पोचली पाहिजेत, खोका रविवारी, सुट्टीच्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दुपारी येऊन पडणार नाही अशा बेताने आठवड्याच्या सुरुवातीलाच तो रवाना करावा, आणि उबवणीची तारीख व तास ज्याला प्रत्यक्ष ठाऊक आहे अशा हॅचरीच्या माणसाने ते खोक्यावर नोंदवावेत.

माझे सगळे भांडण या शेवटच्या नोंदीवरून आहे. दुसरा खोका गुरुवारी निघाला, सोमवारी सकाळी हाती आला, आणि त्यावर तारखेचा शिक्का पुसट होता व तासाचा रकाना चक्क कोरा होता. खोका उघडण्यापूर्वीच कानावर आलेली ती कर्कश, न थांबणारी चिवचिव थंडीने गारठलेल्या पिल्लांची असते. समाधानी पिल्ले हळू आवाजात कुजबुजतात. तळाशी काही मेलेली होती. उरलेल्यांची चोच एकेक करून कोमट साखरपाण्यात बुडवली, त्यांना ९५ अंश फॅरनहाइटच्या दिव्याखाली ठेवले आणि मग कापसाच्या बोळ्याने त्यांची मागची बाजू साफ करत बसलो, कारण गारठलेल्या पिल्लांची विष्ठा तेथेच सुकून मार्ग बंद होतो आणि तो वेळीच मोकळा केला नाही तर पिल्लू दगावते.

हॅचरीने मेलेल्या पिल्लांचे पैसे परत दिले, टपालखर्च मात्र दिला नाही, आणि तो पिल्लांच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. पिल्ले जिवंत राहण्याच्या हमीची मुदत ४८ तासांची आहे. परंतु प्रवासात खचलेले पिल्लू बरेचदा खाणे शिकतच नाही आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मरते, म्हणजे हमी संपल्यानंतर. कोऱ्या रकान्याबद्दल विचारले असता, ‘सर्व पिल्ले नियमात बसणाऱ्या वेळेतच पाठवली जातात’ असे एका ओळीचे उत्तर आले. तासच लिहिलेला नसेल तर पाठवणीचे २४ तास मोजायचे कोठून, या माझ्या प्रश्नाला अद्याप उत्तर नाही.

एका रकान्यावर इतके अडून बसणे अनेकांना हट्टीपणाचे वाटेल. मात्र जनावरांच्या वाहतुकीत २८ तासांनंतर विश्रांती, चारा व पाणी देण्याचा येथील केंद्रीय कायदा कोंबड्यांना लागू केला जात नाही, प्राणी कल्याण कायद्यातून खाण्यासाठी पाळलेले पशुपक्षी वगळलेले आहेत, आणि पिल्लाच्या बाजूने उरते ती जवळजवळ ही खोक्यावरची नोंदच. ऑगस्ट २०२० मध्ये टपालाची घडी विस्कटली तेव्हा मेन राज्यातील शेतकऱ्यांकडे निघालेली किमान ४,८०० पिल्ले मेली. २०२५ च्या एप्रिलअखेरीस डेलावेअर राज्यात सुमारे १२,००० पिल्ले टपालाच्या ट्रकमध्ये तीन दिवस अडकून राहिली आणि त्यांतील हजारो दगावली. युरोपीय संघात दाण्यापाण्यावाचून पिल्लांचा प्रवास २४ तासांपेक्षा कमीच असावा लागतो, आणि तोही उबवणीपासून ७२ तासांच्या आत संपावा लागतो.

गावातल्या पशुखाद्याच्या दुकानातून पिल्ले घ्यावीत, असे काही जण सुचवतात. पण वसंतात तेथे दिसणारी पिल्लेही बहुधा याच टपालाने आलेली असतात, फक्त मेलेली दुकानदाराने आधीच बाजूला काढलेली असतात. गाडीने साडेतीन तासांवर दुसरी एक हॅचरी आहे, जेथे स्वतः जाऊन पिल्ले आणणाऱ्यांना किमान संख्येची अट नाही. जाण्यायेण्याचे पेट्रोल टपालखर्चाहून थोडे स्वस्तच पडते, त्यामुळे पुढच्या एप्रिलची पिल्ले तेथून मांडीवर खोका घेऊन आणायची असे ठरले आहे.