एलपीकडे परतल्यानंतर: पावसाळा ते उन्हाळा, कोल्हापुरातील अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी डायरेक्ट ड्राइव्ह प्रकारचा (मोटर तबकडी थेट फिरवते असा) टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र घेतला. आता उन्हाळा लागला आहे, तेव्हा त्याविषयी थोडे जबाबदारीने लिहिता येईल. घरात वडिलांनी जमवलेल्या एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड, होत्याच आणि त्यांत भरणा जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायनाचा. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे दरबारी गायक होते, त्यामुळे कोल्हापूरच्या कपाटात हेच निघावे यात नवल नाही.

एलपीचा ध्वनी डिजिटलपेक्षा सरसच असतो, असे ठासून सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. जुन्या रेकॉर्डला चरचर असते आणि ती राहणारच. फरक पडला तो ऐकण्याच्या पद्धतीत. एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचे गायन मावते आणि तेवढा वेळ माणूस जागचा हलत नाही. मोबाइलवर विलंबित ख्याल लावला की अंतऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच माझे लक्ष आलेल्या निरोपांकडे जात असे. आता दिवेलागण झाली की आईच विचारते, ‘काल दुसरी बाजू राहिली होती ना रे?’

खरेदीपूर्वी मला कोणी सांगितली नव्हती अशी एक गोष्ट मात्र विस्ताराने सांगतो. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेऱ्या एकाच गतीने घेत असली, तरी सुईखालून सरकणाऱ्या खाचेची गती एकसारखी नसते. बाहेरच्या कडेला ती सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर असते, तर लेबलाजवळ २१-२२ सेंटीमीटरपर्यंत उतरते. म्हणजे तेवढाच ध्वनी निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो आणि तो वाचताना सुई अडखळते. आता ख्यालाची बांधणी पाहा. आलाप सुरुवातीला, बाहेरच्या ऐसपैस खाचेत. आणि द्रुत लय, ताना, म्हणजे ज्या वक्र, गुंतागुंतीच्या तानांसाठी हे घराणे ओळखले जाते त्या, नेमक्या शेवटी, सर्वांत अडचणीच्या जागी! सोबत आलेल्या गोल टोकाच्या सुईने तानेतील स्वर एकमेकांत मिसळून जात आणि तार षड्जावर ‘स’काराची फुसफुस येई. लंबवर्तुळाकार टोकाची सुई असलेले ऑडिओ-टेक्निकाचे व्हीएम९५ई हे कार्ट्रिज (सुई धरून तिच्या कंपनांचा विद्युत संकेत करणारा भाग) बसवल्यावर त्याच ताना दाणेदार ऐकू येऊ लागल्या. टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, आधी हवेत समतोल तरंगेल असा जुळवून मग वजनाची चकती २ ग्रॅमवर आणायची, एवढे काम मात्र निगुतीने करावे लागते. वजन फार कमी ठेवले तर रेकॉर्ड जपली जाते हा समज चुकीचा आहे. सैल सुई खाचेत उडते आणि खाच अधिक खराब करते.

आपल्याकडच्या पावसाचे वेगळे सांगायला नको. आषाढात काही कव्हरांच्या आत पांढरट बुरशी धरली. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासण्याच्या द्रवाचा एखादा थेंब घालून, मऊ कापडाने खाचेच्या दिशेनेच पुसले, नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसून घेतले आणि उभ्या ठेवून वाळवल्या. जुनी आतली पाकिटे टाकून दिली. रेकॉर्ड आडव्या रचू नयेत, हे बहुतेकांना ठाऊक असते, तरी जुन्या सामानाच्या दुकानांतून त्या हमखास तशाच रचलेल्या दिसतात आणि वाकलेल्या निघतात.

जोडणीत विशेष काही नाही. कार्ट्रिजमधून येणारा संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो आणि मुद्रणात खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, म्हणून संकेत वाढवून खर्ज पूर्ववत करणारा फोनो प्रीअॅम्प लागतोच. तो टर्नटेबलातच असेल तर घरच्या अॅम्प्लिफायरला सरळ जोडता येते.

खर्चाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: नव्याने निघालेल्या महागड्या एलपी विकत घेण्यापेक्षा पैसे सुईवर खर्च करावेत. लंबवर्तुळाकार सुई साधारण ३०० तास चालते असे निर्माते सांगतात, तेव्हा तो खर्च पुन्हा येणार हे धरून चालावे.

घरातल्या ७८ आरपीएमच्या तबकड्या अजून वाजवलेल्या नाहीत. त्यांची खाच बरीच रुंद असते आणि तिला सुमारे ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोकाची वेगळी सुई लागते. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी घासत जाते. शिवाय त्या लाखेच्या असल्याने वर सांगितलेले अल्कोहोलचे मिश्रण त्यांना चुकूनही लावू नये. ती वेगळी सुई मागवली आहे.