उत्परिवर्तन बघायचंय: फळमाशी की ई. कोलाय?

उत्परिवर्तनाच्या, म्हणजे जनुकात होणाऱ्या बदलाच्या, प्रकल्पासाठी जीव कुठला घेऊ, असं पुतणीनं विचारलं.

वेळेचं म्हणाल तर तुलनाच नको. ई. कोलाय हा जीवाणू पोषक माध्यमात वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. माशीची पिढी 25 अंश सेल्सिअसला सुमारे 10 दिवसांची.

दिसण्यात मात्र माशी बाजी मारते. लाल डोळ्यांच्या घोळक्यातला पांढऱ्या डोळ्यांचा नर (आनुवंशशास्त्रज्ञ मॉर्गन यांना 1910 साली सापडला तसा) साध्या भिंगातूनही ओळखू येतो. पण तिच्याकडे बहुतेक जनुकांच्या दोन प्रती, त्यामुळे अप्रभावी (दुसरी प्रत झाकून टाकते असा) बदल पिढ्यान्‌पिढ्या दडून बसतो. जीवाणूकडे सहसा प्रत एकच, झाकायला कुणी नाही. दिसतं काय, तर प्रतिजैविक घातलेल्या थाळीवर तगलेला एखादा ठिपका!

कष्ट दोन्हीकडे. संकरासाठी माद्या कोषातून निघाल्यावर आठेक तासांत, मीलन होण्याआधीच, वेगळ्या काढायच्या, झोपमोड ठरलेली. जीवाणूंना निर्जंतुक जागा आणि जाणकार देखरेख हवीच.

गुण पुढच्या पिढीत कसा उतरतो हे बघायचं असेल, तर माशी. उत्क्रांती घडताना पकडायची असेल, तर ई. कोलाय. उत्क्रांतीचे अभ्यासक लेन्स्की यांच्या 1988 पासूनच्या प्रयोगात 12 पैकी एका वंशाला ऑक्सिजन असतानाही सायट्रेट (माध्यमातलं एक संयुग) पचवणं जमलं, तेही 30,000 हून अधिक पिढ्यांनंतर. पुतणीकडे दोनच महिने आहेत, तिला माशीच.