एअरट्रॉनिक डी२ स्लीपर हीटर: मशीन दणकट, वायरिंग आणि जाळीकडे मात्र लक्ष हवं

इंजिन बंद ठेवून ट्रकची स्लीपर केबिन रात्रभर गरम ठेवायची असेल, तर एबरस्पेशर या जर्मन कंपनीचा एअरट्रॉनिक डी२ हा डिझेलवर चालणारा हीटर घेण्यासारखा आहे. उष्णता जास्तीत जास्त २.२ किलोवॅट, डिझेल तासाला ०.१० ते ०.२८ लिटर. इंजिन नुसतं आयडलवर ठेवलं तर तासाला तीनेक लिटर जातं, म्हणजे हिशोब सरळ आहे. अडचण एवढीच की हीटर बंद पडला की अख्खा बदलायचा सल्ला फार पटकन मिळतो, आणि दोष बऱ्याचदा हीटरच्या बाहेर असतो.

सुरू होताना कान देऊन ऐका. आधी पंखा फिरतो, ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापकांडी) मिनिटभर तापतो, मग डोसिंग पंपाची, म्हणजे मोजून डिझेल सोडणाऱ्या पंपाची, टकटक सुरू होते. ९० सेकंदांत ज्योत धरली नाही तर आणखी एक प्रयत्न होतो. तोही फसला तर ०५२ हा दोषाचा कोड देऊन हीटर बंद. असं वारंवार झालं की ०५० येतो, म्हणजे कंट्रोल युनिट लॉक. मग बटण कितीही फिरवा, लॉक काढल्याशिवाय उपयोग नाही.

सगळ्यात आधी व्होल्टेज. ग्लो प्लग तापताना १२ व्होल्टचा हीटर ८ ते १० अँपिअर ओढतो. बॅटरीवर मीटरने १२.४ दाखवलं म्हणून खूश होऊ नका. मीटर हीटरच्या कनेक्टरवर लावा, तेही प्लग तापत असताना. तिथे १०.५ च्या खाली गेलं की ०११, म्हणजे कमी व्होल्टेजचा कोड, ठरलेला. गंजलेला फ्यूज होल्डर, सैल अर्थची वायर, बारीक वायरचा जोड, यांतलंच काहीतरी निघतं. नवी बॅटरी टाकून हा दोष जात नाही, फक्त खर्च होतो.

व्होल्टेज ठीक असेल तर एक्झॉस्टकडे बघा. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. टकटक चालू आणि धूर अजिबात नाही, तर डिझेलच पोचत नाही. अशा वेळी पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात का ते पाहा. टाकीतली हीटरची नळी तळापर्यंत नसते, इंजिनासाठी डिझेल उरावं म्हणून. त्यामुळे टाकी खाली गेली की हीटर हवा ओढतो. पंपही आडवा बसवलेला नको, डिझेल बाहेर पडतं ते तोंड १५ ते ३५ अंश वर हवं. काळा धूर दिसला तर हवेच्या किंवा धुराच्या पाइपात चिखल, बर्फ अडकलाय का ते तपासा.

पांढऱ्या धुराचं मूळ बहुधा जाळीत असतं. ग्लो प्लग काढला की त्याच्या नळीत बारीक तारेची जाळी दिसते. चांगली जाळी करडी, आरपार; खराब झालेली डांबरासारख्या काजळीने बुजलेली. ती घासून परत बसवण्यात अर्थ नाही, नवीच टाका. बसवताना तिची खाच नळीतल्या हवेच्या भोकासमोर आलीच पाहिजे, नाहीतर नवी जाळी असूनही हीटर पेटायला त्रास देतो. ग्लो प्लगला थेट बॅटरी लावून तपासू नका, तो कमी व्होल्टेजचा असतो आणि जळतो. ओममीटर पुरे: १२ व्होल्टच्या प्लगचा रोध एक ओमच्याही आत असतो.

काजळी धरते ती रात्र रात्र मंद आचेवर चालवल्याने. अधूनमधून अर्धा तास पूर्ण जोरात चालवा, उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा. आणि बंद करताना मेन स्विच ओढू नका. पंखा आतलं तापमान उतरवून आपोआप थांबतो, त्याला तेवढी काही मिनिटं द्या.

कोड वाचण्याच्या बाबतीत मात्र वेबास्टो या दुसऱ्या कंपनीचा एअर टॉप २००० एसटीसी हीटर सरस. त्याच्या गोल बटणाचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. एअरट्रॉनिकला डिजिटल कंट्रोलर किंवा डायग्नोस्टिक उपकरण लागतं, घेतानाच कंट्रोलर चांगला घ्या.

हीटर खाली उतरवला तर तळाचं गॅस्केट पुन्हा वापरू नका. तिथून गळलेला धूर थेट झोपायच्या बंकखाली येतो, म्हणून केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलाच पाहिजे. हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता केबिनच्या हवेला देणाऱ्या भागाला) तडा दिसला, तर मात्र दुरुस्तीच्या नादी न लागता हीटर बदला.