गाणं बदलायचं की दावा खोडायचा?

आवडत्या सिनेमाची दृश्यं गाण्यावर जोडून केलेल्या फॅन व्हिडिओवर यूट्यूबच्या कंटेंट आयडीचा (दुसऱ्याच्या हक्काचं गाणं-दृश्य आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा) दावा आला की मुख्यतः दोन वाटा दिसतात. गाणं बदलणं सोपं. पण ठेक्यावर बेतलेला प्रत्येक कट लंगडा पडतो, नायिकेने मान वळवली तरी सम चुकलेलीच. दुसरी वाट आक्षेपाची. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. अमेरिकी कायद्याच्या कलम १०७मधला ‘फेअर यूज’, म्हणजे परवानगीविना वापराची मर्यादित मुभा, मूळ कलाकृतीवर नवं काही बोलणाऱ्याकडे झुकतो. ‘पैसे कमावत नाही’ एवढ्याने भागत नाही. (‘हक्क मूळ मालकाचे’ असं खाली लिहिणं तर निव्वळ ताईत!) दावेदाराने व्हिडिओच उतरवायला लावला तर स्ट्राइक, म्हणजे चॅनलच्या नावावर कॉपीराइटभंगाची नोंद; ९० दिवसांत ३ झाले की चॅनलवर गदा. नुसती आवडती दृश्यं जोडली असतील, तर मी मुकाट गाणं बदलेन. कथेची उलटतपासणी केली असेल, तर आक्षेपच.