ईएसपीएन अनलिमिटेड: ३० डॉलर भरण्याआधी विद्यापीठाची कॉन्फरन्स बघा

२१ ऑगस्ट २०२५ ला ईएसपीएन या अमेरिकन क्रीडा वाहिनीने आपल्या सगळ्या वाहिन्या केबलशिवाय, थेट ग्राहकाला विकायला काढल्या. योजनेचं नाव अनलिमिटेड. महिन्याला २९.९९ डॉलर, वर्षाचे एकदम भरले तर २९९.९९. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या घरी कॉलेज फुटबॉलसाठी हे घ्यावं का, असं हल्ली बरेच जण विचारतात. मुलगा टेक्सास ए अँड एमला असेल तर घ्या, जवळजवळ सगळं भागेल. मुलगी पर्ड्यूला असेल तर थांबा, कारण पर्ड्यूचा फुटबॉलचा एकही घरचा सामना यात दिसत नाही. ॲप दोन्ही घरांत तेच, पैसेही तेवढेच. फरक आहे तो त्या दोन विद्यापीठांच्या कॉन्फरन्सनी, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांनी, आपले प्रक्षेपण हक्क कोणाला विकले यात. टेक्सास ए अँड एम एसईसी या कॉन्फरन्समध्ये आहे, पर्ड्यू बिग टेनमध्ये; एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह या अशाच आणखी दोन.

आधी योजनेत काय मिळतं ते. ईएसपीएन, ईएसपीएन २, ईएसपीएनयू, एसईसी नेटवर्क, एसीसी नेटवर्क आणि एबीसीवर दाखवले जाणारे ईएसपीएनचे सामने. शिवाय एसईसीएन प्लस आणि एसीसीएनएक्स हे फक्त इंटरनेटवरचे दोन प्रवाह. खरी किंमत वसूल होते ती इथे. सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, बेसबॉल, जिम्नॅस्टिक्स असे टीव्हीवर कधी न येणारे शेकडो सामने त्यांवर असतात. याच कंपनीची ‘सिलेक्ट’ नावाची स्वस्त योजना आहे, ती म्हणजे जुनं ईएसपीएन प्लस. तिच्यात मुख्य वाहिन्या नाहीत, एसईसी आणि एसीसीचे हे दोन प्रवाहही नाहीत. त्यामुळे अलाबामा किंवा जॉर्जियाचा सामना बघायला सिलेक्ट घेतलं तर ते पैसे वाया गेले म्हणून समजा. बिग ट्वेल्व्हच्या दुय्यम सामन्यांसाठी आणि आयव्ही लीगसाठी मात्र तेवढं पुरतं.

चित्राचा दर्जा चांगला आहे. मोठ्या टीव्हीवर एका वेळी चार सामने लावता येतात, आणि शनिवारी दुपारी त्याचा खरोखर उपयोग होतो. दोष एकच, पण तो नेहमीचा: स्ट्रीमिंग अँटेनाच्या किंवा केबलच्या प्रक्षेपणापेक्षा काही सेकंद, कधी अर्ध्या मिनिटाहूनही जास्त मागे चालतं. टचडाउनची बातमी व्हॉट्सॲपवर आधी पोचते. सामना चालू असेपर्यंत स्कोअरच्या सूचना बंद ठेवा.

आता कळीचा नियम. सामना ज्याच्या मैदानावर, हक्क त्याच्या कॉन्फरन्सचे. हे एकदा लक्षात आलं की अर्धा गोंधळ मिटतो. ३० ऑगस्ट २०२५ ला टेक्सासचा संघ ओहायो स्टेटच्या मैदानावर खेळला. टेक्सास एसईसीमध्ये, म्हणजे ईएसपीएनच्या घरचं, पण यजमान बिग टेनचा, म्हणून सामना फॉक्सवर गेला. टेक्साससाठी नऊ दिवसांपूर्वीच अनलिमिटेड घेतलेल्यांना हंगामाचा पहिलाच, आणि त्या दिवसाचा सर्वात मोठा सामना दिसला नाही. तो रविवारी रात्री खेळवावा अशी टेक्सासची इच्छा होती. फॉक्सला आपली शनिवारची दुपारी बाराची वेळ सोडायची नव्हती, आणि फॉक्सचंच चाललं. पुढच्याच शनिवारी उलट घडलं: बिग टेनमधलं मिशिगन ओक्लाहोमाला गेलं, आणि तो सामना एबीसीवर आला.

ही विभागणी कुठून आली? आयपीएलमध्ये बीसीसीआय सगळ्या संघांचे हक्क एकत्र विकते, २०२३ ते २०२७ साठी ४८,३९० कोटी रुपयांना, आणि त्यातला वाटा संघांना देते. मुंबईचा संघ उद्या उठून आपले हक्क वेगळे विकू शकत नाही. अमेरिकन कॉलेज फुटबॉलही १९८४ पर्यंत असंच चालायचं. एनसीएए ही मध्यवर्ती संस्था हक्क विकायची आणि कोणता संघ टीव्हीवर किती वेळा दिसेल हेही तीच ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध खटला भरला. २७ जून १९८४ ला सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी एनसीएएची ही मक्तेदारी मोडली. त्यानंतर हळूहळू हक्क विकण्याचं दुकान कॉन्फरन्सचं झालं. जिच्याकडे प्रेक्षक खेचणारे संघ जास्त तिला भाव जास्त, आणि भाव वाढवायचा तर दुसरीचे संघ उचलायचे, हे गणित त्या निकालातूनच सुरू झालं. नोत्र दाम हे विद्यापीठ मात्र फुटबॉलमध्ये कॉन्फरन्सपासून वेगळं राहिलं. १९९१ पासून त्याच्या फुटबॉलचे घरचे सामने एनबीसीवर आहेत, म्हणून ते बघायला पीकॉक हे एनबीसीचं स्ट्रीमिंग ॲप लागतं, ईएसपीएन नाही.

या गणितात आपली बिलंही आहेत. न्यू जर्सीतल्या मराठी घरांनी केबलच्या बिलातून बिग टेन नेटवर्कचे पैसे वर्षानुवर्षं भरले आहेत, फुटबॉल कधी बघितला असो वा नसो. ही वाहिनी ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झाली. कॉन्फरन्सचं विद्यापीठ ज्या भागात आहे तिथे केबल कंपनीकडून दर घरामागे महिन्याला जास्त दर, बाहेरच्या भागात अगदी कमी, असा तिचा हिशोब. म्हणूनच २०१४ मध्ये बिग टेनने रटगर्स आणि मेरीलँडला आत घेतलं. रटगर्सचा फुटबॉल संघ काही जबर नव्हता. पण एडिसनपासून हाकेच्या अंतरावरच्या त्या विद्यापीठामुळे न्यूयॉर्कच्या बाजारपेठेतली सुमारे सत्तर लाख घरं ‘आतल्या’ दरात मोजता येणार होती. मैदानावरच्या खेळापेक्षा पिनकोड महागात विकला गेला.

दहा वर्षांनी एसीसीने हेच कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये केलं. स्टॅनफर्ड, बर्कली आणि डॅलसचं एसएमयू यांना २०२४ मध्ये घेतलं, म्हणजे बे एरियात आणि डॅलसमध्ये एसीसी नेटवर्कचा दर वाढवायला आधार मिळाला. त्यासाठी या तिघांनी काय सोडलं ते बघा. एसएमयूने नऊ वर्षं कॉन्फरन्सच्या टीव्ही उत्पन्नातला वाटा सोडला. ती तूट माजी विद्यार्थी आणि देणगीदार भरून काढणार. स्टॅनफर्ड आणि बर्कलीने पहिली सात वर्षं सुमारे ३० टक्के वाट्यावर समाधान मानलं. आता त्यांच्या पोहण्याच्या, सॉफ्टबॉलच्या, व्हॉलीबॉलच्या संघांनाही सामन्यासाठी अटलांटिक किनाऱ्यापर्यंत जावं लागतं. फुटबॉल संघ हंगामात मोजकेच प्रवास करतो, तेही खास विमानाने. व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी गुरुवारी निघते, रविवारी रात्री परतते आणि सोमवारी परीक्षेला बसते. टीव्हीच्या पैशाचा हिशोब मांडताना तिचा विचार कोणी केलेला दिसत नाही, आणि या सगळ्या व्यवहारातली सर्वात मोठी चूक तीच आहे.

पॅक ट्वेल्व्ह या पश्चिमेकडच्या कॉन्फरन्सचं काय झालं, हेही ग्राहकाने समजून घ्यावं, कारण वाहिनी चांगली असूनही बुडू शकते हे त्यातून कळतं. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांनी स्वतःचं नेटवर्क काढलं: एक राष्ट्रीय वाहिनी, सहा प्रादेशिक. भागीदार घेतला नाही, मालकी शंभर टक्के आपली ठेवली. नफा वाटावा लागणार नाही, हा त्यामागचा हिशोब. पण बिग टेन नेटवर्कच्या मागे फॉक्स होतं, एसईसी नेटवर्कच्या मागे ईएसपीएन आणि एबीसीवाली डिस्ने. ईएसपीएन हवं असेल तर एसईसी नेटवर्कही घ्या, असं डिस्ने केबल कंपनीला सांगू शकतं. पॅक ट्वेल्व्हच्या हातात अशी काहीच दोरी नव्हती. डायरेक्टटीव्ही या उपग्रह टीव्ही कंपनीने ती वाहिनी अखेरपर्यंत घेतली नाही, म्हणून त्यांचेच चाहते त्यांचेच सामने बघू शकले नाहीत. पुढे नव्या कराराच्या वेळी बिग ट्वेल्व्हने ऑक्टोबर २०२२ मध्ये ईएसपीएन आणि फॉक्सशी घाईने सौदा उरकला, दर विद्यापीठाला वर्षाला सरासरी ३१.७ दशलक्ष डॉलर. पॅक ट्वेल्व्ह मागे राहिली. यूएससी आणि यूसीएलए आधीच बिग टेनकडे निघाले होते, आणि ॲपलकडून आलेला प्रस्ताव किती लोक सबस्क्रिप्शन घेतील यावर टांगलेला. ४ ऑगस्ट २०२३ ला ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला गेले, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हला. शंभरहून जास्त वर्षांची कॉन्फरन्स एका दिवसात जवळजवळ रिकामी झाली, आणि नेटवर्क ३० जून २०२४ ला बंद पडलं.

तेव्हा काय घ्यायचं ते कॉन्फरन्सप्रमाणे ठरवा. खालचे दर २०२५ च्या हंगामातले आहेत.

एसईसी असेल तर अनलिमिटेड घ्या आणि विषय संपवा. २०२३ पर्यंत त्यांचा दर शनिवारचा मुख्य सामना सीबीएसवर असे, वर्षाला सुमारे ५५ दशलक्ष डॉलरला. तो २०२४ पासून ईएसपीएन-एबीसीने सुमारे ३०० दशलक्षला घेतला. म्हणून आता सगळं एका छताखाली आहे. ग्राहकाची सोय झाली खरी, पण उद्या या छताने भाडं वाढवलं तर जायला दुसरी जागा नाही. एसीसीलाही अनलिमिटेड पुरतं. काही सामने सीडब्ल्यू या वाहिनीवर असतात, ते अँटेनावर फुकट. एसीसीचा ईएसपीएनशी करार २०३६ पर्यंत आहे, आणि त्या स्वस्त, लांबलचक करारामुळेच फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन कोर्टात गेले होते. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली; आता ज्याचे सामने जास्त लोक बघतात त्याला वाटा जास्त.

बिग टेनवाल्यांनी अनलिमिटेड बाजूला ठेवावं. त्यांचा २०२३ पासूनचा करार फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी आहे, सात वर्षांचे सात अब्ज डॉलरहून जास्त. १९८२ नंतर पहिल्यांदाच ईएसपीएन त्यातून पूर्ण बाहेर पडलं. फॉक्सचं स्ट्रीमिंग ॲप फॉक्स वन १९.९९ ला मिळतं, त्यात फॉक्स, त्यांची क्रीडा वाहिनी एफएस १ आणि बिग टेन नेटवर्क. पीकॉक १०.९९ ला, त्यात एनबीसीचे रात्रीचे सामने आणि फक्त पीकॉकवरच असणारे मोजके सामने. सीबीएससाठी पॅरामाउंट प्लसची प्रीमियम योजना, १२.९९. इथे बरेच जण फसतात: स्वस्त इसेन्शियल योजनेत एनएफएल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल, दिसतं, पण सीबीएसची थेट वाहिनी नसते, म्हणून कॉलेजचे सामने नाहीत. तिन्ही मिळून ४३.९७ डॉलर.

बिग ट्वेल्व्हला ईएसपीएन आणि फॉक्स दोन्ही लागतात. ऑक्टोबर २०२५ पासून दोघांचा जोड ३९.९९ ला मिळतो, वेगवेगळं घेण्यापेक्षा दहा डॉलर कमी. तरीही काही सामने टीएनटी या वेगळ्या केबल वाहिनीवर जातात आणि या जोडात टीएनटी नाही.

खर्च खरोखर कमी करायचा असेल तर अँटेना लावा. एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स आणि सीडब्ल्यू हवेतून फुकट येतात, चित्रही स्ट्रीमिंगपेक्षा स्वच्छ आणि वेळेवर. टीव्हीच्या मागच्या गोल सॉकेटला वायर जोडा, अँटेना प्रक्षेपण मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत लावा, मेनूमध्ये जाऊन चॅनल स्कॅन करा. एक चूक सर्रास होते. कागदासारखा चपटा अँटेना यूएचएफ लहरींसाठी बनवलेला असतो, पण न्यूयॉर्कचं एबीसी स्टेशन अजून व्हीएचएफवरच्या चॅनल ७ वर आहे. मग फॉक्स स्वच्छ येतो आणि एबीसी मात्र तुकड्यातुकड्यांत. अशा ठिकाणी लांब दांड्यांचा, दोन्ही लहरींचा अँटेना घ्या. अँटेना असला की बिग टेनच्या घरी पॅरामाउंट प्लस लागत नाही, आणि फॉक्स वन फक्त एफएस १ व बिग टेन नेटवर्कपुरतं उरतं.

८२.९९ डॉलरचा यूट्यूब टीव्ही, म्हणजे इंटरनेटवरचं केबलसारखं पॅकेज, घेतला की सगळं एकत्र मिळतं, म्हणून अनेक घरं तिकडे वळली. पण ३० ऑक्टोबर २०२५ ला डिस्नेशी दरावरून वाद झाला आणि ईएसपीएन, एबीसी गायब झाले, १४ नोव्हेंबरपर्यंत. ऐन हंगामातले दोन शनिवार गेले. भरपाई म्हणून २० डॉलरची सूट. असे वाद बरेचदा ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये पेटतात, कारण चाहत्यांचा दबाव तेव्हाच सर्वात जास्त असतो आणि दोन्ही बाजूंना ते ठाऊक असतं. अशा वेळी एका महिन्यापुरतं अनलिमिटेड घेऊन ठेवणं हा चांगला उतारा आहे. त्याआधी एक तपासा: स्पेक्ट्रम, डायरेक्टटीव्ही किंवा हुलू लाइव्ह घरात असेल तर बहुतेक पॅकेजांत अनलिमिटेड जादा पैशांशिवाय मिळतं. ईएसपीएनच्या ॲपमध्ये त्याच कंपनीच्या खात्याने लॉगिन करून बघा.

देशातून आई-बाबा येणार आणि त्यांना स्टेडियममध्ये सामना दाखवायचा असेल, तर वेळेचंही ध्यानात ठेवा. बऱ्याच सामन्यांची वेळ टीव्ही कंपनी फक्त १२ दिवस आधी ठरवते, कधी ६ दिवस आधी. परतीचं विमान शनिवारी रात्रीचं काढू नका. एसईसी २०२४ पासून सकाळ, दुपार, रात्र असे ढोबळ गट उन्हाळ्यातच जाहीर करते, तेवढाच दिलासा.

वार्षिक योजना फक्त फुटबॉलसाठी घेऊ नका. हंगाम ऑगस्टच्या अखेरीला सुरू होतो आणि जानेवारीत प्लेऑफने संपतो. सप्टेंबर ते जानेवारी असे पाच महिने घेतले तर दीडशे डॉलर होतात, वार्षिकच्या निम्मे. मार्चमधला पुरुषांचा बास्केटबॉलही त्यासाठी कारण नाही, कारण ती स्पर्धा सीबीएस आणि टीएनटीकडे आहे. महिलांची मात्र ईएसपीएनवर असते. वसंतात सॉफ्टबॉल आणि बेसबॉल मनापासून बघणाऱ्या एसईसी किंवा एसीसीच्या घराने वार्षिक घ्यावं. तिथे २९९.९९ ही किंमत रास्त आहे.