‘दोनदाच वापरलेली’ होडी आणि माझे ६१,९१० रुपये

रक्कम आधी लिहून टाकतो, नंतर हात वळणार नाही. होडी ५४,५००. टेम्पोभाडं २,८००. पायाने मारायचा पंप १,४५०. दोन लाइफ जॅकेटं १,९००. दुरुस्तीचा गोंद आणि ठिगळं १,२६०. झाले ६१,९१०. शिवाय हिडकल धरणाच्या पाण्यात गेलेला मोबाईल १६,५०० चा. तो यात धरायचा की नाही, यावर घरात अजून वाद आहे.

‘इंपोर्टेड माल, दोनदाच वापरलेली, गोव्यातला धंदा बंद केल्यामुळे विकणे’ छापाच्या जाहिराती तुम्हीही बघितल्या असतील. फोटो चकाचक, बोलणं गोड, आणि ‘अजून दोन गिऱ्हाइकं थांबल्यात, तुम्ही टोकन टाका, मी त्यांना नाही म्हणून सांगतो’. हे सगळं मलाही माहीत होतं. म्हणून तर १५,००० टोकन टाकताना ठणकावून सांगितलं, वस्तू बघितल्याशिवाय पुढचा एक रुपया नाही. तो लगेच ‘बघून घ्या की साहेब’ म्हणाला. मला वाटलं, आपण त्याला बरोबर कोंडीत पकडलं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाँटून होडी म्हणजे दोन बाजूंना दोन लांबट हवेच्या नळ्या, मध्ये लोखंडी पाइपची चौकट, त्यावर खुर्ची आणि दोन वल्ही. माझी दोन खुर्च्यांची, पीव्हीसीच्या नळ्यांची होती. हवा सोडली की गाडीत मावते. आमच्या भागात पूर आला की माणसं गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पलीकडे जायची, आणि मासे धरणारे आजही ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात. त्यांच्या शेजारी ही होडी म्हणजे पालखीच. मला रविवारी मरळ आणि कटल्यामागे फिरायचा नाद आहे, रीतसर लायसन आहे. पन्नाशीला आलो, एक हौस केली. हा काही गुन्हा नाही.

आता लाज वाटते तो भाग. मी बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कारखान्यात गेली बावीस वर्षं टेस्टिंगला आहे. गळती शोधणं हीच माझी रोजीरोटी. आमच्याकडे ओ-रिंगच्या, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कडीच्या, पाकिटावर ती कधी बनली याची तिमाही छापलेली असते, आणि मुदत उलटलेली रिंग दिसली की मी पोरांना शिव्या घालून ती कचऱ्यात टाकायला लावतो. रबर असो की प्लास्टिक, नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं, हे मी दुसऱ्यांना शिकवतो. आणि ५४,५०० रुपयांच्या पीव्हीसीचं वय बघायला विसरलो.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्याजवळ एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये त्याने ती फुगवूनच ठेवली होती. काळीकरडी, तुकतुकीत. हात फिरवला तर बोटांना किंचित चिकटपणा लागला आणि टायर पॉलिशचा वास आला. तो वास मी ओळखला! मनातल्या मनात म्हटलंसुद्धा, ‘पॉलिश मारलंय पठ्ठ्याने.’ पण त्यात वाईट काय, गाडी विकतानाही लोक धुऊन-पुसून ठेवतात, अशी माझीच मी समजूत घातली. मागच्या बाजूला, जिथे नंबराची पट्टी असते, तिथे वाघाच्या तोंडाचं स्टिकर होतं. एक कोपरा सुटला होता. मी नखाने उचलला तर खाली ‘एफ ४’ एवढं दिसलं.

‘हे काय हो?’

‘कंपनीचा मॉडेल कोड, साहेब. एफ सीरिज. बावीसचं मॉडेल हाय.’

आणि त्याने अंगठ्याने तो कोपरा परत दाबून बसवला. माझ्या देखत. अगदी प्रेमाने दाबला. तो अंगठा मला अजून रात्री दिसतो. तेव्हाच ते स्टिकर सर्रकन ओढून काढलं असतं तर ३९,५०० वाचले असते आणि फार तर १५,००० वर पाणी सोडून मी घरी आलो असतो. पण मेहुणा वल्ही हातात घेऊन उभा, टेम्पोवाला घाई करतोय, दहा मिनिटं झाली तरी हवा टिच्चून. उरलेले पैसे दिले. पावती म्हणून कॅलेंडरच्या पाठीवर चार ओळी लिहून घेतल्या. त्यात मॉडेलचं वर्ष घातलं नाही, हेही माझंच कर्तृत्व.

फुगवून दहा मिनिटं हवा टिकली, याचा अर्थ शून्य आहे. रात्रभर फुगवून ठेवा, सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवा, सकाळी बघा. विकणारा थांबायला तयार नसेल तर आपण निघायचं. आणि हे बघायला थंड वेळ निवडा, उन्हात गळकी नळीसुद्धा टणक लागते.

१६ मार्च, रविवार, हिडकलचं पाणी. सकाळी गारव्यात आम्ही २ पीएसआयपर्यंत हवा भरली, कारण नळीवर तेवढंच लिहिलेलं. दोन तास झकास गेले, पाच चिलापी आणि एक बऱ्यापैकी कटला. अकराला काठावर आलो, होडी उन्हात ओढून ठेवली आणि बाभळीखाली भाकरी सोडली. म्हणजे आम्ही सावलीत, होडी उन्हात. बंद नळीतली हवा पंचवीस अंशांनी तापली की गेजवरचा दाब दीडपटीच्या वर जातो. हे गणित मी कारखान्यात तोंडपाठ म्हणून दाखवतो. परत पाण्यात ढकलताना नळी तबल्यासारखी वाजत होती. मेहुणा म्हणाला, ‘दाजी, थोडी हवा सोडूया का?’ मी म्हटलं, ‘पाण्यात गेली की होते गार.’

पाण्यात गेली की गार होते हे खरंच आहे. पण सांध्याचा गोंद तोवर सुटायला लागलेला असतो.

काठापासून साधारण ऐंशी मीटरवर उजव्या नळीच्या पोटाकडून सूं असा आवाज आला. खाली वाकून बघतो तर सांध्यावरची पट्टी सुटत चाललेली. फाटली नव्हती, नुसती सुटत होती. तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा वाफेने उचलतो तशी, सावकाश, टोकाकडून. माझ्या होडीत एका नळीला एकच कप्पा. चांगल्या होड्यांत आत आडपडदे असतात, एक कप्पा गेला तरी दुसरा धरून ठेवतो. इथे एक बाजू बसली की चौकटीचं लोखंड, खुर्च्या आणि माणसं सगळी त्याच बाजूला. मोजून दीड मिनिटात आम्ही पाण्यात होतो. खुर्चीच्या पट्ट्यात मेहुण्याचा पाय अडकला होता. तो सोडवताना मी जे पाणी प्यालो त्याची चव अजून जिभेवर आहे.

लाइफ जॅकेटं अंगात होती, आणि तीही माझ्या अकलेने नव्हे. ‘जॅकेट घातल्याचा फोटो पाठवल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही,’ असं घरून बजावलं होतं. जॅकेट होडीत ठेवण्यासाठी नसतं, अंगात घालण्यासाठी असतं. पट्टे आवळून.

ट्यूबवर बसून जाळी काढणारे एक मामा वल्हवत आले आणि आम्हाला एकेक करून काठाला लावलं. होडीकडे बघून विचारलं, ‘केवढ्याला घेटलासा?’ मी आकडा सांगितला. मामा पुढे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन गरम पाण्याने ते वाघाचं तोंड काढलं. अमेरिकेत विकायच्या होडीवर बारा अक्षरी नंबर सक्तीचा असतो. त्यातल्या शेवटच्या चारांत पहिलं अक्षर बनवल्याचा महिना, ए म्हणजे जानेवारी. मग वर्षाचा शेवटचा आकडा, मग मॉडेलचं वर्ष. माझ्या पट्टीचा शेवट ‘एफ ४१५’. जून २०१४ ला बनलेली, २०१५ चं मॉडेल. पीव्हीसीची होडी नीट सांभाळली तर साधारण पाच ते दहा वर्षं धरतात. उन्हात राहिली तर त्याहून कमी, कारण पीव्हीसी मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि माल आधी चिकट, मग कडक होतो. तो चिकटपणा मी बोटाने चाखला होता! हायपॅलॉनचा, म्हणजे कृत्रिम रबराच्या कापडाचा, माल असेल तर तो याच्या दुप्पट टिकतो, पण एवढ्या किमतीत हायपॅलॉन कोणी देत नाही, देतो म्हणाला तर फोन ठेवा. सांधे गोंदाचे की उष्णतेने जोडलेले, हेही विचारा. मला हे विचारायचं सुचलं ते बुडून आल्यावर.

त्याला फोन केला. पहिल्यांदा ‘बाभळीचा काटा लागला असेल’. काटा लागला तर भोक पडतं, दीड हात पट्टी सुटत नाही. दुसऱ्यांदा ‘सोल्युशन लावून बघा’. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन पीव्हीसीला धरत नाही, त्याला दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद लागतो, तो मी आणलाही. पण जुना गोंद सगळीकडूनच सुटलेला, एक टोक चिकटवलं की दुसरं उचलतं. तिसऱ्यांदा फोन लागलाच नाही. व्हॉट्सअॅपवरचे त्याचे मेसेज त्याने दोन्हीकडून उडवले होते. स्क्रीनशॉट होते ते बुडालेल्या मोबाईलमध्ये. व्यवहार ठरेल त्याच दिवशी स्क्रीनशॉट दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा.

मग पोलीस. आमच्याकडच्या ठाण्यात पहिला प्रश्न, मासे धरायचं लायसन आहे का? दाखवलं. दुसरा प्रश्न, माल मिळाला ना? मग फसवणूक कसली, हे सिव्हिल आहे. अर्ज कन्नडमध्ये आणा. ३०० रुपये देऊन टाइप करून आणला. ‘साहेब बंदोबस्तात आहेत, नाळे बर्री.’ म्हणजे उद्या या. तीन वेळा नाळे बर्री. चौथ्या वेळी साहेब भेटले आणि म्हणाले, विकणारा महाराष्ट्रातला, तिकडे जा. अर्धा दिवस रजा टाकून पलीकडच्या ठाण्यात गेलो. तिथे आपली भाषा बोलणारी माणसं, जीव जरा हलका झाला. त्यांनी आधार कार्ड उलटसुलट करून बघितलं. ‘तुम्ही कर्नाटकचे. तिकडे द्या.’ मी म्हटलं, तिकडच्यांनीच पाठवलंय. तर म्हणे, पैसे दिले ती जागा दूधगंगेच्या पुलाच्या अलीकडची की पलीकडची?

आम्ही कुठले, याचा वाद १९५६ पासून चालू आहे आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. मी एकट्याने हॉटेलच्या पार्किंगवरून तो मिटवायचा!

ओळखीच्या वकिलांनी नंतर सांगितलं की १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे. हद्द कोणाचीही असो, तक्रार घ्यावी लागते, नंतर ती योग्य ठाण्याकडे पाठवायची. आणि फसवणुकीच्या जुन्या चारसोवीसच्या जागी आता न्याय संहितेचं ३१८. हे आकडे कागदावर लिहून घेऊन पाचव्यांदा गेलो, तेव्हा कुठे पोच मिळाली. गुन्हा दाखल झालेला नाही, फक्त पोच. आणि हो, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० चा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, तासाभरात. मी केला पाच आठवड्यांनी, तोवर पैसे पुढे कुठे गेले कोण जाणे. रोखीत दिलेल्या ३९,५०० चा तर तिथे प्रश्नच येत नाही. रोख देऊ नका.

ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही, म्हणून तिथे अर्ज टाकलाय. तो व्यापारी नाही, घरातली जुनी वस्तू विकणारा माणूस आहे, असा बचाव येणार हे ठरलेलं आहे. त्याच वाघाच्या स्टिकरच्या आणखी तीन होड्यांच्या जाहिराती मी काढून ठेवल्यात. घरात चार होड्या कोणाच्या असतात?

होडी माळ्यावर आहे. मागच्या आठवड्यात खानापूरकडे शेतावर पर्यटकांची सोय करणाऱ्या एकाचा फोन आला. तळ्यात मुलांना फिरवायला पाहिजे होती, ‘जशी आहे तशी २२,००० देतो’. खोटं कशाला बोलू, दोन दिवस विचार केला. नाही म्हणालो ते सज्जनपणामुळे नव्हे. वकिलांनी सांगून ठेवलंय, निकाल लागेपर्यंत पुरावा हलवायचा नाही. तो माणूस २५,००० पर्यंत चढला होता. किती जणं बसतात ते विचारलं, रंग विचारला. कधी बनलेली आहे, ते काही विचारलं नाही.