'नाइस'चा माग काढायला एटिमऑनलाइन किती कामाचं?

इंग्रजी शब्द कुठून आला हे फुकटात आणि भरवशानं बघायचं तर डग्लस हार्पर यांनी उभं केलेलं एटिमऑनलाइन हे संकेतस्थळ आधी उघडावं. मोबाइलवर अ‍ॅपही आहे. त्याची कसोटी घ्यायला 'नाइस' हे विशेषण टाका. रोजच्या वापरातला, पण अर्थाच्या इतक्या कोलांट्या मारलेला दुसरा शब्द सहज सापडत नाही.

मूळ लॅटिन 'नेस्किउस', म्हणजे अजाण. 'ने' हा नकार आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणे. जुन्या फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या अखेरीला हा शब्द इंग्रजीत शिरला तो 'मूर्ख, बावळट' या अर्थानं. गोव्यात ज्यांनी पोर्तुगीज शिकलंय त्यांना ही पायरी लगेच पटेल, कारण पोर्तुगीजमधला 'नेश्सिउ' अजूनही त्याच अर्थाला धरून आहे. इंग्रजीत मात्र चौदाव्या शतकाच्या अखेरीला अर्थ झाला 'चोखंदळ, नाक मुरडणारा', १४०० च्या सुमाराला 'नाजूक', सोळाव्या शतकात 'काटेकोर, बारीक', १७६९ मध्ये 'सुखद' आणि १८३० मध्ये 'मायाळू'.

या साधनाची खरी किंमत या सनावळीत आहे, आणि चुकाही तिथेच होतात. नोंदीत 'सी' हे अक्षर आकड्याच्या आधी असेल तर 'सुमारे', नंतर असेल तर 'शतक'. '१३' नंतर 'सी' म्हणजे तेरावं शतक. ते १३०० नंतरचं समजलात की पूर्ण शंभर वर्षांचा घोळ. शिवाय सन हा लेखी पुराव्याचा असतो, बोलण्यात तो अर्थ आधीपासून असू शकतो. नवा अर्थ आला म्हणून जुना लगेच मरतही नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कितीतरी वाक्यांत लेखकाला नेमका कोणता 'नाइस' अभिप्रेत होता हे अभ्यासकांनाही ठरवता येत नाही.

'काटेकोर' हा अर्थ तर आजही कायद्याच्या भाषेत जिवंत आहे. कोर्टाच्या निकालात 'नाइस पॉइंट ऑफ लॉ' आलं आणि पणजी-म्हापशाच्या बातमीत त्याचं 'कायद्याचा चांगला मुद्दा' झालं, तर अर्थाचा पार विचका होतो. तिथं 'बारीक मुद्दा' किंवा 'सूक्ष्म मुद्दा' हवं. भाषांतर करणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी ही नोंद एकदा शांतपणे वाचावी.

उलट, ही नोंद दाखवून ''नाइस'चा खरा अर्थ मूर्ख' असं ठोकून देणं चूक आहे. व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे, हे संकेतस्थळानं पहिल्याच पानावर बजावलंय. आणि फ्रान्समधलं नीस शहर इंग्रजीत याच अक्षरांनी लिहितात म्हणून नातं जोडू नका. ते नाव ग्रीक 'नीके', म्हणजे विजय, यावरून आलं.

उणीव म्हणाल तर उदाहरणांची. कोणत्या सनात, कोणी, कोणत्या वाक्यात शब्द वापरला हे सविस्तर हवं असेल तर ऑक्सफर्डचा मोठा कोशच गाठावा लागतो. त्याची १९८९ ची दुसरी आवृत्ती २० खंडांची आहे. शाळा-कॉलेजच्या कामाला मात्र एटिमऑनलाइन पुरून उरतं.

नोंदीतल्या दुव्यांवर टिचकी मारायला विसरू नका. 'स्कीरे'वरून 'सायन्स'वर जाता येतं, तिथून लॅटिन-संस्कृतच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या 'कापणे, वेगळं करणे' या अर्थाच्या मूळ धातूवर, आणि त्याच्या भावंडांत संस्कृत 'छिनत्ति' भेटतं. म्हणजे आपलं 'छिन्न' आणि त्यांचं 'नाइस' एकाच मुळाचे. मूळ धातूच्या आधी तारा (*) असतो. तारा म्हणजे ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, भाषांची तुलना करून बांधलेलं आहे. वहीत उतरवताना तो तारा गाळू नका.